कॉम्प्युटरची गावपळण

जुनं पुरतं गेल्याखेरीज नव्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, हे व्रत फोंडाघाटापासून थेट समुद्रापर्यंतच्या टापूत एकाच माणसानं पाळलं, आणि ते पाळताना आजूबाजूच्या सगळ्यांना उपास घडवले. ते आमचे आतोबा, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उपास म्हणतो तो अगदी शब्दशः. त्यांच्या घरी आंब्याचं नवं लोणचं घालायचं तर जुन्या लोणच्याची शेवटची फोड संपायला हवी, मग बरणी धुवायची, आठ दिवस उन्हात पालथी घालायची, आणि मगच नव्या कैऱ्या चिरायच्या. एका वर्षी बरणी सुकेपर्यंत झाडावरच्या कैऱ्याच पिकून गेल्या आणि आतेच्या घरी वर्षभर लोणच्याशिवाय पेज जेवली गेली. कवळी बसवायची ठरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हलणारे चार दात काढू, बाकीच्यांवर भागवू. आतोबांनी सगळेच दात काढायला लावले आणि हिरड्या तीन महिने मोकळ्या ठेवल्या. "हिरडीक कळूक व्हया, जुने गेले म्हणान," असं ते त्या काळात म्हणत. दात नसल्यामुळे आम्हाला ते दुसऱ्यांदा विचारून घ्यावं लागे.

ह्या स्वभावाचं मूळ त्यांच्या धंद्यात असावं. आतोबा मच्छीमारी लाँचच्या इंजिनांचे मिस्त्री. इंजिनाचं डोकं उघडलं की मधलं जुनं पॅकिंग फाटतं आणि त्याचे तुकडे लोखंडाला चिकटून बसतात. बाकीचे मिस्त्री त्यावरच नवं पॅकिंग ठेवून बोल्ट आवळत. आतोबा पात्यानं खरवडत बसत. नारळी पौर्णिमा झालेली, सगळ्या लाँचा समुद्रात गेलेल्या, एकाच लाँचचा मालक धक्क्यावर येरझाऱ्या घालतोय आणि आतोबा मांडी घालून दुसऱ्या दिवशीही खरवडतायत, हे दृश्य मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. तो मालक काकुळतीला येऊन म्हणाला, "मिस्त्री, आता बसवा. कागदाएवढा तर ऱ्हवलाहा." आतोबांनी मान वर केली नाही. "कागदाएवढ्यातसूनच पाणी येता," ते म्हणाले. त्यांनी बसवलेलं इंजिन मात्र खोल समुद्रात कधी रुसलं नाही, एवढं त्यांचे शत्रूही मान्य करत.

त्यात ते ज्या गावचे, त्या गावानं त्यांना आणखीच बळ दिलं. आमच्या तालुक्यात खाडीकाठची काही गावं अशी आहेत, की दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल झाला की सगळं गाव घरदार सोडून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. वेशीबाहेर झोपड्या बांधून तीन दिवस, तीन रात्री राहायचं आणि गाव अगदी मोकळं ठेवायचं. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि देवानं होकार दिला तरच आत यायचं. ह्याला गावपळण म्हणतात. कुणी तिला श्रद्धा म्हणतं, कुणी सहल म्हणतं. आतोबा तिला 'सर्विसिंग' म्हणत. वेशीबाहेर पडणारा शेवटचा माणूस नेहमी तेच. एका गावपळणीत झोपड्यांपाशी पोचल्यावर आतेची तांबडी कोंबडी कमी भरली, तर आतोबा तसेच मागे फिरले आणि दोन तासांनी पायाला खरचटून, धोतर फाडून घेऊन, कोंबडी काखोटीला मारून आले. कोंबडी एकटी काय बिघडवणार होती, असं मी विचारलं तेव्हा मीच तो लाँचमालक असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर आला. त्यांचा मुलगा दिगंबर मालवाहू जहाजावर नोकरीला. वर्षातले नऊ महिने पाण्यावर. एका रजेत त्यानं कॉम्प्युटर आणला, त्यात स्वतः अँटिव्हायरस घातला, आईला मेल उघडायला शिकवलं आणि परत गेला. आते सातवी शिकलेली, पण महिन्याभरात एका बोटानं मालवणी मेल लिहायला लागली, तेही इंग्रजी अक्षरांत. आतोबा मात्र त्या यंत्राला हात लावत नसत. ते सकाळी फडक्यानं पुसत आणि त्याच्याशी शुद्ध मराठीत बोलत. आमच्याकडे तहसीलदारापुढे उभं राहिलं की मालवणी माणसाची भाषा बदलते, तशी त्यांची कॉम्प्युटरपुढे बदलायची. यंत्र सुरू व्हायला वेळ लागला की ते अदबीनं म्हणत, "आपले चालू द्या, आम्ही थांबतो." मुलाशी मात्र त्यांचं बोलणं बेताचंच. दिगंबरनं इंजिनांच्या धंद्यात यावं असं त्यांना वाटत होतं, तो आला नाही. भांडण झालं नाही, पण दिगंबरचं जे काही यायचं ते "आये"च्या नावानं यायचं आणि आतोबा दोन हात लांब खुर्ची टाकून, दुसरीकडे पाहत, ऐकायचे.

आता ह्या कथेतला गुन्हेगार मी. मालवणच्या बाजारपेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. दिगंबरनं घातलेल्या अँटिव्हायरसची मुदत कधीच संपली होती आणि तो रोज पडद्यावर येऊन आतेला भीती घालत होता. एका रविवारी आतेकडे जेवायला गेलो असताना मी त्याच्यावरच नवा अँटिव्हायरस चढवला. जुना आधी काढायचा असतो, तो काढल्यावर मशीन बंद करून सुरू करायचं असतं, मागे उरलंसुरलं शोधून पुसायचं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण समोर सुरमई तळली जात होती. झालं असं, की दोन्ही राखणदार एकमेकांनाच चोर समजले. एकानं फाइल उघडली की दुसरा तिच्यावर झडप घालायचा, की पहिला दुसऱ्यावर. सोमवारी सकाळी आतेनं कॉम्प्युटर सुरू केला आणि तो घड्याळाचं चित्र दाखवत तसाच उभा राहिला. घरचा फोन आतोबांच्या खुर्चीपाशी, म्हणून तिनं देवळाच्या पायरीवर जाऊन, तिथेच काय ती मोबाइलला रेंज होती, मला फोन केला. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

कारण ते दिवस नेहमीसारखे नव्हते. दिगंबरचं जहाज एडनच्या आखातातून जाणार होतं. त्या वर्षी तिथे चाच्यांनी उच्छाद मांडला होता, जहाजंच्या जहाजं माणसांसकट पळवून नेत होते. दिगंबरनं आधीच कळवलं होतं, की त्या पाण्यात असेपर्यंत मेल येणार नाही. गुरुवारी बाहेर पडलो की पहिलं काम मेलचंच करीन, असं त्यानं लिहिलं होतं. आतेला कॉम्प्युटर हवा होता तो ह्या एका मेलसाठी. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुरुवारला कुंकवाचं बोट लावून ठेवलं होतं.

मी दुपारी पोचलो तेव्हा आतोबा ओट्यावर पेपर मांडीखाली दाबून बसले होते. "ये, दोन राखणे ठेवणाऱ्या," त्यांनी स्वागत केलं. "जुनो काढल्याशिवाय नवो घातलंस? मेल्या, इंजिनात असा केलं असतंस तर बोट थंयच ऱ्हवली असती." मग आयुष्यात पहिल्यांदा मी अँटिव्हायरस काढण्याचं काम एका मिस्त्रीच्या देखरेखीखाली केलं. नवा काढला, जुना काढला, मशीन बंद करून सुरू केलं. आतोबा चष्मा लावून पडद्याला नाक टेकवून बसले होते. "तां काय?" त्यांनी कोपऱ्यातल्या एका बारीक चित्रावर बोट ठेवलं. जुन्याचं शेपूट खरोखरच राहिलं होतं. तेही काढलं, पुन्हा बंद, पुन्हा सुरू. "आनी भितुर?" आत एक फोल्डर निघालं. मग त्या कंपनीचाच खरवडून काढणारा एक प्रोग्रॅम माझ्या सीडीवर होता, तो चालवला. चौथ्यांदा सुरू झाल्यावर कॉम्प्युटर इतका हलका पळायला लागला की आते टाळी वाजवून म्हणाली, "आता घाल बाबा नवो, आनी चा घे."

"खंय घाल?" आतोबा उभे राहिले. "तीन दिस मोकळा ऱ्हवांदे. गावपळण."

मला वाटलं थट्टा आहे. मी समजावलं की हे दोन मिनिटं मोकळं ठेवलं तरी पुरतं, उलट राखणदार नसताना जास्त वेळ ठेवणंच धोक्याचं, बाहेरून काहीही आत शिरेल. "शिरतला खंयसून?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इंटरनेटमधून. "मगे ता पयला भायर," असं म्हणून त्यांनी मोडेम उपटला. एकदा सुरुवात झाल्यावर कीबोर्ड, माउस, स्पीकर, सगळी प्रजा एका टोपलीत गेली. टेलिफोन त्याच तारेवरचा, म्हणून तोही गेला. शेवटी त्यांची नजर टीव्हीवर पडली. "तो कित्या?" आते ओरडली. "तेचोच भाऊ तो," आतोबा शांतपणे म्हणाले. घरामागे काजूच्या बागेत त्यांचा मांगर होता, गवत आणि अवजारं ठेवायची झोपडी. आतोबा पुढे टोपली घेऊन, मी मागे टीव्ही घेऊन, आणि आमच्यामागे कपाळाला हात लावलेली आते, अशी मिरवणूक मांगराकडे गेली. टीव्ही गवताच्या भाऱ्यावर बसला. घरात नुसता मॉनिटर आणि डबा राहिला. "गुरवारी दुपारी कौल घेवया आनी मगे नव्याक भितुर घेवया," आतोबांनी जाहीर केलं. आते माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्यो माणूस माका खुळी करतलो." खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी त्यांचा राग आला. एका आईच्या जिवाला घोर लागलाय आणि ह्यांना आपल्या शिस्तीचं पडलंय, असं वाटत मी स्कूटर काढली.

मंगळवारी अकरा वाजता आतोबा माझ्या दुकानात हजर. एसटीनं आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. "नवो अँटिव्हायरस बरो आसा मा, इचारूक इलंय," ते म्हणाले. मी बरा आहे असं सांगितलं. त्यांनी चहा घेतला, दुकानातल्या उघड्या मशीनमध्ये डोकावून धूळ किती आहे त्याबद्दल मला बोलले, आणि मग खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. आतेच्या अक्षरातला मेलचा पासवर्ड. "जरा बघ, काय इला काय." काही आलं नव्हतं. मी म्हटलं, आतोबा, गुरुवारी येणार आहे ना, आणि एवढीच काळजी आहे तर घरीच जोडून देतो, आते डोळ्यांनी पाहील. त्यांनी बाहेर रस्त्याकडे पाहिलं. मग सदऱ्याच्या आतून सोमवारचा पेपर काढला. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती, त्याच आखातात एक जहाज पळवलं, बरेच खलाशी आपल्याकडचे. जहाजाचं नाव नव्हतं.

"तिना वाचूक नाय हा," आतोबा म्हणाले. "टीवीवर दाखवतत. ती एकटी बसान बघीत. म्हणान समदा भायर काढलंय." मग त्यांनी विचारलं, "तुझो ह्यो फोन बरो चलता मा? कंपनीच्या हापिसात देवळाकडसून फोन केलंय. तेंका तुझो नंबर दिलंय. काय वायट इला, तर ता हयसर येवंदे. घरात नको." आणि ते एसटीच्या वेळेला निघून गेले. मला सोमवारी स्कूटर काढतानाचा माझा राग आठवला आणि मनातल्या मनात मी त्यांचे पाय धरले.

बुधवारी पुन्हा तेच. या खेपेला माउस किती दिवस टिकतो हे विचारायला आले होते. मेल नव्हता. फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा आतोबा खुर्चीतून अर्धे उठले. एकदा तोंडवलीच्या एका लॉजवाल्याचा प्रिंटर अडकला होता, एकदा चुकीचा नंबर होता. त्या चुकीचा नंबर लावणाऱ्याला आतोबांनी, म्हणजे ज्यांनी आयुष्यात कुणाचे कधी आभार मानले नसतील त्यांनी, "उपकार झाले" असं म्हटलं.

गुरुवारी मी दुकान लवकर उघडलं. आतोबा आधीच दुकानापुढच्या फळीवर बसले होते. मेल उघडला आणि वरच जाड अक्षरांत दिगंबरचं नाव. आत एवढंच होतं: "आये, आमी भायर पडलंव. सगळे बरे आसंव. जेवण वायट, रोज डाळ भात. फुडल्या बंदरावरसून फोन करतलंय. दिगंबर." मी मोठ्यानं वाचलं. आतोबांनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला आणि स्वतः तीनदा वाचलं, बोट फिरवत. मग चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, घातला आणि पुन्हा काढला. "काच खराब झालीहा," ते म्हणाले. मी दुसरीकडे पाहिलं.

मी स्कूटरची किल्ली घेतली, तर त्यांनी मला थांबवलं. "ह्या परत न वाचल्यासारख्या करूक येता?" मी म्हटलं, येतं. एक खूण केली आणि दिगंबरचं नाव परत जाड झालं. "बघ नीट. आमी बघलंव असा काय ऱ्हवाक नको. तिका पयली वाचूंदे." त्यांनी मला मेल बंद करायला लावला, परत उघडायला लावला, कॉम्प्युटर बंद करून सुरू करायला लावला, आणि ते नाव जाडच दिसतंय याची खात्री झाल्यावरच ते स्कूटरवर बसले.

घरी पोचल्यावर त्यांनी गावपळणीत काही उणं पडू दिलं नाही. मॉनिटर पुसला, जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून काचेवर डावी-उजवीकडे लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा, जुनो राखणो गेलो, घर मोकळा झाला. नव्याक भितुर घेवचा आसात तर उजवी सोड." आते तोंडाला पदर लावून पाहत होती. मी जवळच उभा होतो म्हणून मला दिसलं, की डावी पाकळी त्यांनी अंगठ्यानं चांगली दाबून बसवली होती आणि उजवी नुसती टेकवली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी कामात केलेली ही पहिली लबाडी. उजवी लगेच पडली.

नवा अँटिव्हायरस बसला, टोपलीतली सगळी प्रजा मांगरातून परत आली, मोडेमचे दिवे लागले. आते खुर्चीवर बसली. तिनं पासवर्ड तीनदा चुकवला. आतोबा दोन हात लांब, खिडकीबाहेर पाहत. मग ती एकदम "इलो गो बाई!" म्हणून ओरडली.

"काय लिवल्यान?" आतोबांनी विचारलं. जशी काही त्यांना खरंच कल्पना नव्हती.

आतेनं वाचलं. भायर पडलंव, सगळे बरे आसंव, जेवण वायट, फुडल्या बंदरावरसून फोन. मग ती क्षणभर थांबली, पडद्याकडे बघतच राहिली आणि पुढे वाचल्यासारखं म्हणाली, "आनी लिवल्यान, बाबांक सांग, तेंची खूप आठवण येता."

मी पडद्याकडे पाहिलं नाही आणि आतोबांकडेही पाहायचं धैर्य झालं नाही. ते उठले आणि टीव्ही आणायला चल म्हणाले. आम्ही काजूतून मांगराकडे गेलो. टीव्ही गवतावर तसाच बसला होता. एक बाजू त्यांनी धरली, एक मी. दाराशी आल्यावर ते थांबले, टीव्ही गुडघ्यावर टेकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"अखेरची ओळ बरी लिवल्यान, नाय रे?"

मी होय म्हटलं, आणि आम्ही टीव्ही उचलून घराकडे निघालो.